रक्त पडते? लाजू नका, तपासून घ्या

परसाकडचे बोलणे चारचौघांत करू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण या लाजेपायी कधी कधी माणूस जिवाला मुकतो. म्हणून आज आपण त्याविषयीच बोलू.

आपल्या पोटात मोठे आतडे असते. ते सुमारे ५ फूट लांब असते. अन्नातले उरलेले पाणी शोषणे आणि मळ बाहेर टाकणे हे त्याचे काम. या आतड्याच्या आत कधी चामखिळीसारखी बारीक गाठ उगवते. पुष्कळ गाठी काही त्रास देत नाहीत. पण एखादी गाठ काही वर्षांनी बिघडते. तिचा कर्करोग होतो.

हा म्हाताऱ्यांचा रोग, असे आपण समजतो. ते पुरते खरे नाही. मुंबईला परळ येथे टाटा रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनी या रोगाच्या ८०० रुग्णांची माहिती २०१७ साली छापली. त्या रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. म्हणजे घर चालवणारी, कर्ती माणसे! विशी-तिशीतल्या माणसांनाही हा रोग होतो.

आपल्याकडचा तरणा गडी रक्त दिसले की काय म्हणतो? "काल तांबडा रस्सा जास्त झाला, तिखट बाधलं." नाहीतर म्हणतो, "मूळव्याध असंल, दुसरं काय?" मग बाजारातून पुडी आणतो. चार दिवस रक्त थांबते. त्याला वाटते, गुण आला. पण गाठीतले रक्तही थांबून थांबून पडते. असे सहा महिने जातात. आत गाठ वाढतच असते.

रक्त पडण्याचे कारण बहुतेक वेळा मूळव्याधच असते, हे खरे. पण ते आपण घरी बसून ठरवू नये. डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

या खुणा ध्यानात ठेवा :
१. शौचातून रक्त पडणे.
२. शौचाची रोजची सवय बदलणे आणि तो बदल काही आठवडे टिकणे.
३. पोटात वरचेवर दुखणे.
४. कारण नसता वजन घटणे.
५. अंगातले रक्त कमी होऊन थकवा येणे.

आईबाप किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर खुणा नसल्या तरी डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर हातमोजा घालून बोटाने आतून तपासतात. त्याला दोन मिनिटे लागतात. जरूर पडली तर दुर्बिणीने आतडे पाहतात. बाईमाणसाने बाई डॉक्टर मागावी. त्यात संकोच कसला?

आधी गावच्या आरोग्य केंद्रात जा. तेथून कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात जाता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना मदत मिळते. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या.

तण कोवळे असता उपटले, तर सहज निघते. मुळे पसरली की कुदळ लागते. या रोगाचेही तसेच आहे. गाठ लहान असताना सापडली, तर पुष्कळ माणसे बरी होतात. तंबाखू आणि दारू सोडा, भाजीपाला भरपूर खा. आणि रक्त दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

वाचा आणि सांगा :
१. मोठ्या आतड्याचे काम कोणते?
२. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे का समजू नये?
३. या पाच खुणा घरच्या माणसांना वाचून दाखवा.