रुळावर जाऊ नकोस

रहिमतपूर

चि. बाळूस,


फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. काल बाजारात कानावर आलं की स्टेशनच्या पलीकडं रुळावर मोबाइल ठेवून तुम्ही पोरं गाण्याचा लो अँगल घेत होता, आणि गाडी आली तेव्हा तू स्क्रीनकडंच बघत होतास. साताऱ्याहून इथवर आलास, घरी आला नाहीस, ते सोडून देतो. पण हे खरं आहे का, तेवढं सांग.

लो अँगल कशाला हवा ते मला कळतं. खालून पाहिलं की माणूस उंच दिसतो, मागं नुसतं आभाळ राहतं. अरे, पण त्याला रूळ कशाला? गाणाऱ्याला बांधावर उभं कर, कॅमेरा खाली रानात ठेव. मोबाइलची वाइड लेन्स लांबचं आणखी लांब दाखवते. स्क्रीनवर गाडी काडेपेटीएवढी दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते. त्यात आता विजेची इंजिनं, डिझेलसारखी धडधड नाही. स्लो मोशनमध्ये ओठ जुळावेत म्हणून तुम्ही गाणं दुप्पट वेगानं वाजवता, फ्रेमही दुप्पट घेता. एवढा मोठा स्पीकर चालू असताना हॉर्न कुणाला ऐकू जाणार? रेल्वे कायद्याचं १४७ कलम आहेच, पण मला भीती कलमाची नाही.

गाडी अंगावर आल्यासारखी दाखवायची तर लांबून घे. गाणारा कुंपणाबाहेर, तू त्याच्यापासून चांगला मागं, आणि टेलिफोटो लाव. मागची गाडी आपोआप त्याच्या पाठीशी येऊन भिडते. १९३४ साली ‘अमृतमंथन’मध्ये शांतारामबापू आणि केशवराव धायबरांनी राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवला, तो टेलिफोटोनंच. कोल्हापुरात घडलेली माणसं ती.

तुझ्या वयात मलाही कोल्हापूरला एका कॅमेरामनच्या हाताखाली जायचं होतं. तुझे आजोबा म्हणाले, दुकान कोण बघणार? मी राहिलो. मग हळदी, अक्षता, वराती टिपण्यातच हात चालला. अजून वाईट वाटतं रे. म्हणून तुला ‘हे सोड’ असं मी कधी म्हणणार नाही. फक्त रुळावर जाऊ नकोस.

तुझं बैलपोळ्याचं गाणं मी पुन्हा पुन्हा बघतो. बैलाच्या शिंगावरून कॅमेरा हळूहळू म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापर्यंत नेलास आणि कडवं संपेपर्यंत हलला नाहीस. घाई केली नाहीस. ती नजर तुझी स्वतःची आहे, कुणी शिकवलेली नाही. ती जपायची तर आधी तू धड राहा.

जास्त बोललो असेन. तुझ्या आईच्या कानावर हे माझ्याआधी गेलंय. काल रात्री ती जेवली नाही. आधी तिला फोन कर. मग रविवारी इकडं ये. माझी ७०-३०० ची लेन्स पुसून ठेवली आहे, ती तुझीच. मामी वाट बघतेय.

तुझा,
मामा