पाळणाघराच्या ‘लायसन’ला खरंच किती पैसे लागतात?



हल्ली कर्जत आणि खालापूरच्या बहुतेक बैठकांत हा प्रश्न निघतोच. नेरळ-कर्जतहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बायका आहेत, खोपोली, पाताळगंगा भागात कंपनीत जाणाऱ्या आहेत. अंगणवाडी दुपारीच सुटते. मग मूल ठेवायचं कुठे? म्हणून गटातल्या ताया विचारतात, “पाळणाघर काढू का? पण लायसनला किती जातील?” एका गावात तर कुणी एजंट ‘सरकारी पाळणाघर लायसन’चे पाच हजार सांगून गेला होता. ताईंनी विचारलं, कोणत्या खात्याचं? त्याला सांगता आलं नाही.

म्हणून आधी समजून घ्या. घरात पाच-सहा मुलं सांभाळायला लागतो तो एक मोठा कागद नाही, वेगवेगळ्या खात्यांच्या छोट्या नोंदी आहेत.

पहिली ‘उद्यम’ नोंदणी. ही १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात, तिथे भरू नका. महा ई-सेवा केंद्रात भरून घेतलंत तर फॉर्म भरण्याची मजुरी द्या, पण ती मजुरी आहे, सरकारी फी नाही.

दुसरी शॉप अॅक्टची. राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नाही, धंदा सुरू केल्याची सूचना ६० दिवसांत ऑनलाइन द्यायची. पोर्टलचं किरकोळ सेवाशुल्क तेवढं लागतं. जागेचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जवळ ठेवा.

तिसरी खाण्याची. मुलं घरून डबा आणत असतील तर हा विषय नाही. तुम्ही रांधून वाढणार असाल तर अन्न नोंदणी करायची, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये.

चौथा व्यवसाय कर. हा कुणीच सांगत नाही आणि खर्च मात्र सगळ्यात मोठा हाच: धंदा करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये. जीएसटीची काळजी नको. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली तरच तो येतो.

आता हिशोब मांडू. १०० आणि २,५०० मिळून २,६००. महिन्याला साधारण २१७ रुपये. सहा मुलं असतील तर एका मुलामागे ३६ रुपये. म्हणजे कागदांनी पाळणाघर अडत नाही. महिन्याची फी ठरवताना मात्र हे ३६ रुपये धरा, नाहीतर मार्चमध्ये अंतर्गत कर्ज काढावं लागेल.

लाइट बिलाचं एक. घराच्याच एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. वेगळी खोली भाड्याने घेतलीत तर ही सवलत धरू नका. कर्जत किंवा खोपोली नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर घरपट्टी बदलेल का, तेही आधी विचारून घ्या.

३ ते ६ वर्षांच्या मुलांना शिकवणारा वर्ग (बालवाडी, नर्सरी) चालवणार असाल तर गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने अशा खासगी केंद्रांना आपल्या पोर्टलवर नोंद करायला सांगितलं आहे. ‘नर्सरी’ अशी पाटी लावण्याआधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

आता खरी जबाबदारी. २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली होती, ती कॅमेऱ्यात दिसली. तेव्हापासून आई-बाप आधी विचारतात, मदतीला कोण आहे? त्या बाईची पोलीस पडताळणी करून घ्या. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघर मार्गदर्शक सूचना मोठ्या आस्थापनांसाठी आहेत, पण माप म्हणून उपयोगी: एका मुलाला १० ते १२ चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी. माझ्या मते घरात एकटी बाई असेल तर दहा फार झाली, पाच-सहावर थांबा. आपल्याकडे पावसाळ्यात ओली दुपटी वाळत नाहीत, हे दहा मुलांच्या हिशोबात बसतच नाही.

आणि कागद का काढायचे? २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आपल्या पट्ट्यात असे कारखाने आहेत. उद्या प्रभागसंघ त्यांच्याकडे बोलायला गेला तर ते उद्यमचा दाखला आणि बिल मागणार. बँकेत मुद्राच्या ‘शिशु’ कर्जाला, ५० हजारांपर्यंत, हाच दाखला उपयोगी पडतो.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला ज्यांना सुरू करायचंय त्यांनी आधार, पॅन, नमुना ८ आणि मागच्या वर्षाची लाइट बिलं घेऊन या. उद्यमचा फॉर्म तिथेच मोबाईलवर भरू. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालय, अलिबागच्या नावाने ‘मी पाळणाघर सुरू करत आहे, आणखी काही नोंद लागते का, कळवावे’ असा अर्जही लिहू. त्याची पोच घ्यायची आणि फाइलला लावून ठेवायची. एजंट आला की फाइल दाखवा.