पाच सेकंदांची पाटी

प्रश्न : मी हुमनाबादचा. ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रेस्टॉरंट ब्रँडिंग हा विषय घेतलाय आणि मामांचं हायवेवरचं हॉटेल धरलंय. लोगो इंग्रजीत छान जमला. तोच कन्नडात केला की बसका वाटतो, मराठीत केला की दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. सर म्हणतात, इंग्रजीच ठेव. मामा म्हणतात, तिन्ही पाहिजेत आणि तिन्ही मोठ्या अक्षरांत. कोणाचं ऐकू? आणि लोगोशिवाय ब्रँडिंगमध्ये असं काय असतं, जे आमच्यासारख्या गावातल्या हॉटेलला खरोखर उपयोगी पडेल?

उत्तर : मामांचं ऐका, पण अर्धंच. तिन्ही लिप्या हव्यात हे त्यांचं बरोबर आहे. तिन्ही मोठ्या अक्षरांत हव्यात, हे गणितात बसत नाही. सरांसमोर कागद आहे, मामांसमोर रस्ता. हॉटेल रस्त्यावर आहे, तेव्हा आधी रस्त्याकडे बघू.

सोलापूर आणि हैदराबाद यांच्या जवळजवळ मध्यावर तुमचं गाव. दोन्हीकडून सकाळी नुसत्या चहावर निघालेल्या माणसाला भूक लागते ती तुमच्याच शिवारात. बिदर-कलबुर्गी रस्ताही इथेच या महामार्गाला छेदतो. त्यामुळे गिऱ्हाईक चारी दिशांनी येतं आणि येताना कन्नड, मराठी, तेलुगू, दखनी अशा भाषा घेऊन येतं. दत्तजयंतीला माणिकनगरला येणारे आहेत, गाणगापूरला निघालेले आहेत, आणि वर्षभर ट्रकवाले आहेतच.

हे सगळे तुमची पाटी किती वेळ बघतात? ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण २२ मीटर जाते. पाटी दिसली, वाचली, शेजारी बसलेल्याला ‘थांबायचं का?’ विचारलं, आरशात पाहिलं, वेग कमी केला. एवढ्याला पाच सेकंद धरा. म्हणजे नाव ११० मीटरवरून वाचता आलं पाहिजे. आरामात वाचायचं तर दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, असा पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ११० मीटर म्हणजे ३६० फूट, म्हणजे अक्षर ३६ इंचांचं झालं. ते कोणाला परवडत नाही. डोळे थोडे ताणले तर याच्या तिसऱ्या हिश्शात, फूटभर अक्षरात, भागतं. त्याच्या खाली गेलात की पाटी फक्त थांबलेल्या माणसाला वाचता येते, आणि तो तर आधीच थांबलेला असतो.

आता यात कायदा आणा. कर्नाटकात कन्नड भाषा सर्वंकष विकास अधिनियमात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असा नियम आला. मामांची पाटी २० फूट लांब आणि ४ फूट उंच आहे असं समजा. ४८ इंच उंचीतले जवळजवळ २९ इंच कन्नडाचे. वर-खाली मोकळी जागा सोडून त्यात फूट-सव्वाफुटाचं अक्षर मजेत बसतं. उरले १९ इंच. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही कोंबलीत तर प्रत्येकाचं अक्षर सहा-सात इंचांवर येईल आणि दोन्ही वाया जातील. तिथे एकच लिपी ठेवा. माझं मत विचाराल तर देवनागरी, कारण ती मराठीवाल्याला वाचता येते आणि हिंदी शिकलेल्या बाकीच्यांनाही. इंग्रजीला गेटजवळच्या खांबावर वेगळी उभी पाटी द्या. आणि ‘शुद्ध शाकाहारी’, दोन मोबाइल नंबर, मालकाचा फोटो, ताटाचा फोटो हे सगळं मुख्य पाटीवरून काढा. मामा भांडतील. त्यांना हे इंचांचं गणित दाखवा.

मामांनी उद्या उमरग्याला शाखा काढली तर मात्र डाव उलटेल. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नये. एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतरावर, तुमच्या लोगोला मानाची जागा बदलावी लागणार. म्हणून ‘मुख्य लोगो इंग्रजी, बाकी भाषांतरं’ हा विचारच तुमच्या भागात चालत नाही. कोणतीही लिपी वर गेली तरी ओळख तीच राहील, अशी दोन सख्खी भावंडं तुम्हाला काढायची आहेत.

बसकं आणि वाळत घातलेलं, या तुमच्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. तुम्ही इंग्रजी अक्षरांचा साचा घेतला आणि बाकी दोघींना त्यात बसवलं. देवनागरी वरून लटकते. शिरोरेषा हा तिचा दांडा, सगळा शब्द त्याला टांगलेला, वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. कन्नड अक्षरं सुटी आणि गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून दक्षिणेतल्या लिप्या गोलावल्या असं सांगतात. त्या अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू म्हणजे छोटी शेंडी असते, आणि जोडाक्षराचा दुसरा वर्ण, ज्याला तुम्ही ‘ओत्तक्षर’ म्हणता, तो खाली जाऊन बसतो. ‘अन्न’ शब्द घ्या. मराठीत दोन ‘न’ शेजारी उभे राहतात, कन्नडात एकाच्या पायाशी दुसरा. देवनागरीला डोक्यावर जागा लागते आणि कन्नडाला पायाशी. दोघींना एकाच उंचीच्या पट्टीत कोंबलं की एक दबते आणि दुसरी लोंबते. पट्टी सोडा. अक्षराचं मधलं अंग दोन्हीकडे सारख्या उंचीचं आणि रेघ सारख्या जाडीची ठेवा, शेंड्या आणि पाय जातील तिथे जाऊ द्या.

आधी कन्नड काढा. ते अवघड आहे आणि पाटीवर त्याचीच जागा मोठी आहे. त्यातला एखादा गोल वळसा उचलून देवनागरीत आणा, ‘व’ किंवा ‘ळ’ यांच्या पोटात तो सहज मावतो. सगळ्यात शेवटी इंग्रजी. तुम्ही नेमका उलट प्रवास केलात.

तुमच्या आधीच्या पिढीत हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण पेंटर एकच असे. सीमाभागातल्या बाजारपेठांत पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अमुक आर्ट्स’ अशी सही असायची. तो माणूस एका चपट्या ब्रशने, त्याच डब्यातल्या रंगाने आधी कन्नड लिहायचा आणि मग मराठी. हात तोच, ब्रश तोच, त्यामुळे अक्षरं आपोआप एका घरची वाटायची. कॉम्प्युटरवर प्रत्येक लिपीचा फाँट वेगळ्या माणसाने केलेला असतो, तेव्हा ते नातं तुम्हाला हाताने जुळवावं लागतं. जमलं तर गावात उरलेल्या एखाद्या पेंटरकडे दोन दिवस बसून या. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये मूडबोर्डाची चार पानं कमी असली तरी चालतील.

फाँटच्या जगातही हे नातं जुळवणारे लोक आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘बलू’ नावाचं कुटुंब केलं. देवनागरीत तो बलू, कन्नडात ‘बलू तम्मा’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, आणि उर्दूवाल्यांसाठी ‘बलू भाईजान’. प्रत्येक लिपीत भाऊच, पण प्रत्येकाचा चेहरा त्याच्या घरचा. फुकट मिळतो, खुल्या परवान्याचा आहे, मेनूकार्डाला बिनधास्त वापरा. लोगोला मात्र नको, कारण निम्म्या महाराष्ट्राच्या वडापाव गाड्यांवर तो आधीच चढलाय. र. कृ. जोशींचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर सरांना विचारा. जाहिरातीच्या धंद्यात उमेदवारी केलेला हा माणूस पुढे आयआयटी मुंबईत अक्षरं शिकवत होता. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं जो ‘मंगल’ फाँट समोर यायचा, तो त्यांच्या देखरेखीखाली झाला. आणि कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली नावं बघा. नुसत्या अक्षरावरून नाटक हसवणार की रडवणार ते कळायचं.

आता लोगोच्या पलीकडे.

हॉटेलचं नाव अजून बदलता येण्याजोगं असेल तर ते डिझाइनरच्या कानाने ऐका. तुमच्याकडे ‘खानावळ’ हा शब्द मराठीतही आहे आणि ‘खानावळी’ म्हणून कन्नडातही. उत्तर कर्नाटकात बसवेश्वरांच्या नावाच्या खानावळी जागोजागी दिसतात. मराठीत कुणी ‘खाणावळ’ लिहितो, कुणी ‘खानावळ’, त्यावर शुद्धलेखनवाले तासभर भांडू शकतील. पाटीसाठी मला ‘न’ चालेल, कारण कन्नडातही ‘न’च आहे. या शब्दात जोडाक्षर नाही, उकार नाही, दोन्ही लिप्यांत तो जवळजवळ सपाट पट्टीसारखा उभा राहतो. उलट ‘अन्नपूर्णा’ घ्या. कन्नडात पायाशी दुसरा ‘न’ लटकणार, देवनागरीत पूचा उकार आणि वर रफार. सुंदर नाव, पण पाटीवर दर अक्षराला फूटभर उंची जास्त मागणारं.

मेनूकार्ड म्हणजे ब्रँडिंगचा खरा मुक्काम, कारण ते माणूस दहा मिनिटं हातात धरतो. तिथे भाषांतर करू नका. जो पदार्थाला जे म्हणतो ते लिहा. ‘पुंडी पल्ले’ हे कन्नडात, ‘अंबाडीची भाजी’ हे मराठीत. ‘येण्णेगाई’ आणि ‘भरलं वांगं’. ‘जोळद रोट्टी’ आणि ‘ज्वारीची भाकरी’. सकाळच्या न्याहारीच्या सुशीलाला मात्र दोन्हीकडे सुशीलाच म्हणा, लातूर-नांदेडचा माणूस ते नाव वाचून गाडीतून उतरेल. वरण कलबुर्गीच्या तुरीचं असेल तर तसं छापा, त्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. वेळ अमावस्येला भज्जी आणि आंबील ठेवत असाल तर त्या आठवड्यापुरतं हाताने लिहिलेलं वेगळं कार्ड करा. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या चारही जिल्ह्यांतला माणूस त्या दिवशी शेतात असतो. जो नोकरीमुळे पोचू शकला नाही, तोच तुमच्याकडे येईल आणि ते कार्ड घरी नेईल.

तुम्ही पत्राबरोबर पाठवलेल्या स्केचमध्ये बिदरीची वेलबुट्टी आहे. बिदर जिल्ह्यातल्या डिझाइनच्या मुलाने बिदरी न वापरणं म्हणजे कोकणातल्या मुलाने नारळ न काढणं, हे मला मान्य आहे. पण बिदरीतही दोन कामं असतात. तारकशीत चांदीची बारीक तार काळ्या धातूत ठोकतात, तहनिशानमध्ये चांदीच्या पत्र्याचे रुंद तुकडे बसवतात. तारकशी ११० मीटरवरून राख फासल्यासारखी दिसेल. पाटीवर तहनिशानसारखे ठळक, रुंद आकार घ्या, तारकशी मेनूकार्डावर येऊ द्या, जिथे डोळा वीतभर अंतरावर असतो. काळ्यावर रुपेरी ही जोडी रात्री दिव्यात उत्तम दिसते, दिवसा धुळीत मळते. त्यामुळे पाटी कोण आणि किती दिवसांनी पुसणार, हेही प्रोजेक्टमध्ये लिहा. परीक्षक हसतील, मामा हसणार नाहीत.

बाकीचं भराभर. बिलावर अन्नपरवान्याचा १४ आकडी नंबर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. त्याची जागा आधीच आखून ठेवा, नाहीतर कॅशिअर तुमच्या लोगोवरच शिक्का मारेल. नाव नोंदवायचं तर ट्रेडमार्कच्या ४३ व्या वर्गात, ऑनलाइन, व्यक्तीच्या नावाने अर्जाची फी ४,५०० रुपये, आणि नोंदणी दहा वर्षांची. काम मामांचं असलं तरी लोगोचे हक्क कोणाकडे, ते एका कागदावर लिहून सही घ्या. नात्यात असे कागद करत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी घ्या.

फ्लेक्सवाल्याला फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून द्या. माझ्या पहिल्या कामात मी ते केलं नव्हतं. छापखान्याच्या मशीनवर फाँट फुटला आणि एका लग्नाच्या कमानीवर ‘स्वागत’मधला ‘स’ पाय मोडून ‘वागत’पासून वेगळा पडला. वधूपिता तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, इथे राहून हे काम होईल का, की पुण्या-मुंबईला जावंच लागेल? चित्रकार एस. एम. पंडित कलबुर्गीचेच, जन्म १९१६. ते मुंबईला गेले, एमजीएमच्या सिनेमांची शोकार्डं रंगवली, हिंदी सिनेमांची पोस्टरं आणि देवादिकांची कॅलेंडरं केली, आणि ती कॅलेंडरं तुमच्या-माझ्या आजीच्या भिंतीवर आली. तेव्हा जावंच लागायचं, कारण छापखाने, सिनेमा, पैसा सगळं तिथे होतं. आज छपाई सोलापुरात होते, हैदराबादेतही होते, आणि आता हुमनाबादला रेल्वेही आहे. जावंसं वाटलं तर जा. पण जिथे एका पाटीवर दोन लिप्या शेजारी नांदवायचं काम रोज पडतं, तिथून निघताना ते हातात घेऊन जा. पुण्यातल्या वर्गात ते कुणी शिकवणार नाही.

पाटी लागली की फोटो पाठवा. समोर उभं राहून काढलेला नको, सोलापूरच्या एसटीच्या खिडकीतून काढलेला पाठवा.