पुष्पयुक्त नानकटाई : द्रव्यपरीक्षा व पाकविधी

वैद्यवर्गास फुले नवी नाहीत. आसवारिष्टांत आपण धायटीची फुले घालतो. नित्य वापरातील लवंग ही न उमललेली कळीच होय, आणि भावप्रकाशात पुष्पवर्ग स्वतंत्रपणे दिला आहे. नवीन आहे ती फुले घातलेली बिस्किटे औषधालयात विक्रीस ठेवण्याची चाल. तिला आमचा विरोध नाही. परंतु औषधी द्रव्य पारखताना आपण जी दक्षता घेतो, ती येथे खाऊ म्हणून सैल सोडली जाते, हे मात्र चिंतेचे आहे.

गतवर्षी दिवाळीपूर्वी परिचयातील एका औषधालय चालकांनी गुलाबपाकळ्यांच्या नानकटाईचा नमुना अभिप्रायार्थ आमच्याकडे पाठविला. चव उत्तम होती. पाकळ्या कोठून आणल्या, अशी पृच्छा करता ‘हार विकणाऱ्याकडून, स्वस्तात’ असे उत्तर आले. उरलेल्या वाळक्या पाकळ्या मागवून आम्ही त्या पाण्यात भिजवून पसरल्या. त्यांत गुलाबाच्या नव्हेत अशा काही लांबट पाकळ्या निघाल्या. त्या गुलाबी कण्हेरीच्या होत्या. तोपर्यंत आम्ही स्वतः दोन नानकटाया खाल्ल्या होत्या! सुदैवाने अपाय झाला नाही, आणि तो सर्व माल विक्रीस जाण्यापूर्वीच टाकून देण्यात आला.

करवीराची गणना आपल्याकडे उपविषांत केली आहे. त्यातील हृदयावर कार्य करणारी विषद्रव्ये वाळविण्याने किंवा भट्टीच्या उष्णतेने निर्धोक होतात असे समजू नये. पिवळ्या कण्हेरीस, म्हणजे बिट्टीस, हेच लागू आहे. वाळल्यावर रंग व आकार दोन्ही बदलतात, म्हणून फूल अखंड व ताजे असतानाच ओळखून घ्यावे आणि पाकळ्या आपल्या देखरेखीखाली वाळवाव्यात. सुट्या पाकळ्या विकत घेऊच नयेत.

दुसरा दोष डोळ्यांस दिसत नाही. हारासाठी पिकविलेली फुले खाण्यासाठी पिकविलेली नसतात. फवारणी व तोडणी यांत पुरेसे दिवस गेले असतील याची खात्री कोण देणार? झाडात भिनणारी कीटकनाशके धुण्याने जात नाहीत. गावठी गुलाब परसात वा विश्वासातील शेतकऱ्याकडून, फवारणीविना लावून घेणे हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

आता पाकविधी. सूर्योदयानंतर दव सुकताच फुले तोडावीत. पुंकेसर, देठ व पाकळीच्या बुडाचा कडवट पांढरा भाग काढून पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. सुमारे ८ ग्रॅम वाळक्या पाकळ्या ९० ग्रॅम पिठीसाखरेत चोळून रात्रभर झाकून ठेवाव्यात, म्हणजे सुगंध साखरेत उतरतो. १५० ग्रॅम मैदा व ५० ग्रॅम बेसन चाळून, ११० ग्रॅम तूप फेसून, सर्व एकत्र मळावे व २० गोळे करावेत. १६० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजावे. पाकळ्या वरून लावल्यास त्या करपतात; शोभेसाठी हव्याच असतील तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावाव्यात. खाण्याचा सोडा घालू नये, कारण क्षारामुळे गुलाबाचा रंग मळकट होतो आणि गोकर्णाची निळाई हिरवट पडते. मधही घालू नये. उष्णतेशी मधाचा विरोध आपणांस सांगावयास नकोच, तथापि ‘मधुयुक्त’ म्हणून भाजलेली बिस्किटे आम्ही वैद्यांच्याच दुकानी पाहिली आहेत.

जास्वंदीबाबत अधिक सावध असावे. प्राण्यांवरील प्रयोगांत तिच्या फुलांचा गर्भस्थापनाविरोधी परिणाम आढळला आहे, आणि परंपरेतही तसा उपयोग आहे. गर्भिणी व अपत्यार्थी स्त्रियांस जास्वंदयुक्त पदार्थ देऊ नयेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीची अवस्था विक्रेत्यास कळत नाही. म्हणून आम्ही हे फूल यातून वगळतो.

गुणांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागेल. शतपत्री शीत, लघु व हृद्य खरी. पण वरील प्रमाणात एका नानकटाईत अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पाकळी येते, आणि तिच्या सोबतीस मैदा, तूप व साखर ही गुरु द्रव्ये असतात. भट्टीत सुगंधाचा बराच अंश उडून जातो. (निघंटूत शतपत्री ग्राही म्हटली आहे, तर आपण गुलकंद मलावष्टंभात देतो, हा निराळ्या चर्चेचा विषय.) तेव्हा ‘पित्तशामक’ अशी चिठ्ठी पाकिटावर डकविणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा कायद्यासही मान्य नाही. औषधविक्रीचा परवाना येथे चालत नाही. अन्नविक्रीची निराळी नोंदणी अथवा परवाना लागतो, आणि पदार्थ आयुर्वेद आहार म्हणून विकावयाचा झाल्यास २०२२ चे विनियम पाहावेत. प्रवाळयुक्त गुलकंद सारणात भरण्याचा मोहही टाळावा, कारण ते औषध आहे.

आमच्या त्या परिचितांनी यंदा अंगणात गावठी गुलाबाची बारा झाडे लावली आहेत. पाकिटावर घटकद्रव्ये, पाकळ्यांचे वजन व भाजल्याची तारीख एवढेच छापावयाचे ठरले आहे. मधुमेही ग्राहकाने विचारल्यास ‘नको’ असे स्पष्ट सांगावे, असेही त्यांनी आपल्या नोकरास बजावले आहे.