घडीचा चाकू : आधी सांधा, मग धार

जून जवळ आला की बूट, रेनकोट आणि सॅकच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न मला हमखास येतो : "चाकू कोणता घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा फोनमध्ये फोटो घेऊनच आलेला असतो. काळंकुळकुळीत पातं, पाठीला करवतीसारखे दाते, मुठीत शिट्टी, वर काच फोडायचं टोक. मी उलट एवढंच विचारतो, "हा उघडल्यावर उघडा राहतो कशाच्या जोरावर?" सहसा उत्तर येत नाही. धार किती, पोलाद कुठलं, किंमत काय, हे सगळं पाठ असतं. पातं आणि मूठ जिथे जोडली जाते त्या सांध्याकडे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

तो सांधा का बघायचा, हे मी राजमाचीवर पाहिलं. थंडीचे दिवस होते, उधेवाडीत मुक्काम होता. रात्री खिचडीची तयारी चालली होती आणि डाळीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण गच्च बसलं होतं. आमच्या गटातल्या कॉलेजच्या एका मुलाने खिशातून नवाकोरा घडीचा चाकू काढला, टोक झाकणाखाली सरकवलं आणि मूठ खाली दाबली. झाकण उडालं नाही, चाकू मिटला. मुठीच्या खोबणीवर बोटं होतीच, पातं थेट तर्जनीच्या मधल्या पेरावर बसलं.

स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर घट्ट दाबली, हात उंच धरला. दहा मिनिटांनी रक्त थांबलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण "बोट वाकव बघू" म्हटलं तेव्हा शेवटचं पेर हलेना. जखम दिसायला जेमतेम दीड सेंटिमीटरची, आत मात्र बोट वाकवणारी दोरी, म्हणजे कंडरा, तुटली होती. रात्रीच जीपने लोणावळा आणि तिथून पुणे. हाताच्या शल्यविशारदांनी कंडरा शिवली, बोट कित्येक आठवडे पट्टीत राहिलं, मग व्यायाम. पोरगं गिटार वाजवायचं; त्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

तो चाकू मी घरी आणला आणि टेबलाच्या दिव्याखाली धरला. त्यात लायनर लॉक होतं. मुठीच्या आत पोलादाची एक पातळ पट्टी असते. पातं पुरतं उघडलं की ती आडवी सरकते आणि दाराला आतून अडणा लावावा तशी पात्याच्या बुंध्यामागे उभी राहते. या चाकूत ती पट्टी बुंध्याच्या अगदी कडेला जेमतेम टेकत होती. कडेवर एक बारीक चकचकीत रेघ उमटली होती. पट्टी तिथूनच घसरली होती. धार मात्र झकास. वर्तमानपत्राचा कागद सरसर कापत होती. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्जिकल स्टील' छापलेलं होतं. लॉकबद्दल त्यावर अक्षर नव्हतं.

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी आधी सांधा दाखवतो.

लॉक कुठलं?

सगळ्या घडीच्या चाकूंना लॉक असतंच असं नाही. आपण ज्याला सरसकट 'स्विस नाइफ' म्हणतो, तो व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू घ्या. कार्ल एल्झनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे 1884 मध्ये कारखाना काढला आणि 1891 मध्ये स्विस सैनिकांना पहिले चाकू पुरवले. त्यांच्या लहान चाकूंच्या मोठ्या पात्याला आजही लॉक नसतं. पाठीतली स्प्रिंग पातं दाबून धरते, इतकंच. कांदा-काकडी चिरणं, सुतळी कापणं, पार्सल उघडणं यांत जोर धारेच्या बाजूने येतो आणि पातं आणखी उघडायला बघतं, म्हणून हे चाकू निर्धोक चालतात. जोर पाठीच्या बाजूने आला की मिटतात. ज्याला हे ठाऊक आहे तो या चाकूवर जन्म काढू शकतो.

दुसरा प्रकार फिरत्या कड्याचा. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवायला सुरुवात केली. 1955 मध्ये त्याच्या गळ्यात फिरणारं कडं आलं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, झालं. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत, त्यामुळे सॅकमध्ये तो जाणवतही नाही. खोट एकच, आणि ती आपल्याकडे मोठी : बीचच्या लाकडाची मूठ पावसात फुगते, मग पातं बाहेर यायलाच तयार होत नाही. सह्याद्रीत जुलैत हा चाकू घेऊन जायचा तर आधी सांध्याजवळच्या लाकडाला तेल मुरवून ठेवावं.

तिसरं पाठीवरचं लॉक. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या 110 या चाकूने 1964 पासून ते घरोघरी नेलं. पात्याच्या बुंध्यातल्या खाचेत मुठीच्या पाठीतला दांडा खटकन बसतो. भक्कम काम, आणि मिटवताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. पण खाचेत माती किंवा खिशातला कापूस अडकला तर दांडा अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेलं लॉक नसलेल्या लॉकपेक्षा वाईट, कारण त्यावर आपला भरवसा असतो. शिवाय पितळ-लाकडाच्या मुठीचा तो चाकू साधारण दोनशे ग्रॅम भरतो.

चौथं ते राजमाचीवरचं लायनर लॉक. त्याचं आजचं रूप अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकात आणलं. एका हाताने उघडता-मिटवता येतं म्हणून ते सगळीकडे झालं. नीट बनवलेलं असेल तर उत्तम. स्वस्तात बनवलेलं असेल तर सगळ्यांत दगाबाज, कारण पट्टी कुठे टेकावी हा सगळा हिशेब मिलिमीटरच्या अंशातला असतो.

बटण दाबताच पातं बाहेर फेकणारा खटक्याचा चाकू, रामपुरीच्या जातीचा, घेऊच नका. खिशात उघडू शकतो, आणि पोलिसांनी पाहिला तर काकडी चिरायला आणलाय हे कुणाला पटत नाही.

दुकानात काय तपासायचं?

चाकू पुरता उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी तळव्यात धरा, बोटं खोबणीपासून लांब. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ मिटण्याच्या दिशेने आस्ते आस्ते दाबत न्या. आपटून बघायचं कारण नाही. लॉक किंचितही सरकलं तर चाकू परत द्या. मग पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळत असेल तर सांध्याचा स्क्रू आवळून पुन्हा बघा, तरीही हलत असेल तर नको. लायनर लॉक असेल तर पट्टी बुंध्याच्या रुंदीत निदान पाव भाग तरी आत आलेली हवी. शेवटी चाकू मिटवा, खोबण जमिनीकडे करून हलवा. पातं बाहेर डोकावता कामा नये, आणि मिटल्यावर टोक कुठे वर राहिलेलं नसावं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ऑनलाइन मागवला तर हेच घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा.

पोलाद, आकार, मूठ

पोलादाच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार आधी. साधं कार्बन पोलाद धार सुरेख घेतं, पण कैरी किंवा लिंबू चिरलं की काळं पडतं, आणि भीमाशंकरच्या पावसात एक रात्र ओलं राहिलं तर सकाळी तांबेरलेलं असतं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी रोजच्या वापरासाठी स्टेनलेसच घ्यावं. स्टेनलेस म्हणवायला पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. मात्र नुसता टक्का बघूनही भागत नाही : बाजारात भाव खाणाऱ्या डी-टू पोलादात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, त्यामुळे तेही गंजतं.

कडकपणा रॉकवेल मापात सांगतात. 55 ते 58 मधलं पातं घरच्या दगडावर सहज लागतं. 60 च्या वरचं धार जास्त दिवस टिकवतं, पण लावायला घाम काढतं आणि हाडावर-खड्यावर पडलं तर धारेचा टवका उडतो. पहिल्या चाकूला 55 ते 58 पुरे. 'सर्जिकल स्टील' या शब्दांवरून पोलादाची नेमकी जात कळत नाही. पात्यावरची 'डमॅस्कस'ची नक्षीही स्वस्त चाकूवर बहुधा वरवर उमटवलेली असते.

पात्याची लांबी सात ते नऊ सेंटिमीटर, पाठीची जाडी दोन-अडीच मिलिमीटर. जाड पातं मर्दानी दिसतं खरं, पण गाजर चिरायला घेतलं की चिरत नाही, फोडतं. दातेरी धार दोरावर छान चालते, पण घरी लावणं कठीण. साधी धारच घ्या. मूठ ओल्या हातात धरून बघा. गुळगुळीत हाड किंवा पॉलिश केलेलं स्टील पावसात निसटतं. खरखरीत प्लॅस्टिक किंवा फायबर बरं. रंग भडक नारिंगी असला तर आणखी चांगलं. हिरवा किंवा मातकट चाकू गवतात पडला की गेलाच म्हणून समजा.

चाकूचं काम चाकूला

आपल्या घरात प्रत्येक कापण्याला वेगळं हत्यार आहे. नारळाला कोयता, सुपारीला अडकित्ता, भाजीला विळी. घडीच्या चाकूवर या सगळ्यांचं ओझं टाकायचं नसतं. तो फळं-भाज्या, दोर, पट्टी, चिकटपट्टी, पाकिटं यांच्यासाठी. झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, दगडाने पाठीवर ठोकून लाकूड फोडणं ही त्याची कामं नव्हेत, मग लॉक जगातलं सगळ्यात भारी असलं तरी. गच्च झाकणाला चमच्याचा दांडा पुरतो. आणि अभयारण्यात चुलीसाठी फांद्या तोडायला निघालेल्याला चाकूची नाही, स्टोव्हची गरज आहे.

चाकू दुसऱ्याला देताना मिटवून द्या. कापताना धार अंगापासून लांब जाऊ द्या आणि मांडीवर ठेवून काही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. तरीही कापलंच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबा, मध्येमध्ये उचलून पाहू नका. रक्त थांबल्यावर बोटाची सगळी पेरं वाकतात का आणि टोकाला स्पर्श कळतो का ते तपासा. एकही पेर हललं नाही तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथे विचारा.

निगा

बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो निसटतो. हजार ग्रिटचा दगड ओला करून, पातं साधारण वीस अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्या घासल्या की रोजच्या कामापुरती धार येते. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकाला हा चाकू देऊ नका. एकदा एका चांगल्या पात्याचं टोक चाकावरून निळं होऊन आलेलं मी पाहिलं. पोलाद निळं पडतं ते साधारण तीनशे अंश सेल्सिअसला. पात्याला पाणी दिल्यावर ते पुन्हा तापवतात, तेव्हा सहसा त्याच्या बरंच खालचं तापमान राखलेलं असतं. निळा पडलेला भाग मऊ होतो आणि मग त्याला धार धरत नाही.

ट्रेकहून आल्यावर चाकू उघडून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, जुन्या टूथब्रशने खोबण साफ करा, रात्रभर उघडाच वाळू द्या. सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब टाका आणि ओघळलेलं पुसून घ्या. खाण्याचं तेल घालू नका. ते कालांतराने चिकट होतं आणि त्यातच माती बसते.

कायद्याचं

शस्त्र नियम, 2016 नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या आणि तत्सम कामांची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला आठ सेंटिमीटरचा चाकू त्या मापात बसत नाही. पण म्हणून तो कुठेही नेता येतो असं नाही. महाराष्ट्र पोलिस अधिनियम, 1951 च्या कलम 37 (1) खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकूचाही उल्लेख असतो, आणि असे आदेश सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास वारंवार निघतात. त्यामुळे चाकू सॅकच्या तळाशी, जेवणाच्या सामानात ठेवा. कमरेला लटकवून एसटी स्टँडवर फिरू नका. विमानात केबिनच्या बॅगेत चालत नाही. मेट्रो, न्यायालय, सरकारी कार्यालय अशा तपासणीच्या ठिकाणी जाताना घरीच ठेवा. आणि 'सोबत असलेला बरा, वेळ सांगून येत नाही' म्हणून कुणी चाकू घेत असेल तर त्याने तो अजिबात घेऊ नये. झटापटीत घडीचा चाकू पहिल्यांदा आपल्याच बोटांवर मिटतो.

थोडक्यात सांगायचं तर पहिला चाकू साधा घ्या : स्टेनलेस, आठ सेंटिमीटरच्या आसपास, साध्या धारेचा, खरखरीत मुठीचा, आणि तपासून घेतलेल्या लॉकचा. लॉक नसलेला घेणार असाल तर ते पक्कं ध्यानात ठेवून वापरा. बोथट पात्याला दगडावर धार लावता येते. ढिलं लॉक मात्र घरी दुरुस्त होत नाही. ते दुकानातच नाकारा.