एक मिस्ड कॉल, पंधरा अर्थ

आमच्या दोंडाईच्याच्या मिरचीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी लिनक्सच्या सॉकेटवर बोलतो. घरी बसून हेच काम करतो. ‘नेमकं करतोस काय रे भाऊ?’ असं कुणी विचारलं, की सांगतो: टीसीपी जोडणीत काही घडलं की कर्नेल एक ठरलेलं फंक्शन बोलावतो, त्याला कॉलबॅक म्हणतात. बीपीएफ आल्यापासून ते फंक्शन आपण लिहून चालत्या कर्नेलमध्ये चढवू शकतो. ते लिहिणाऱ्याचा घोळ होऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. त्यासाठीच कॉलबॅकची रचना करताना पाळायचे हे सहा नियम.

1. एका फंक्शनवर सगळा भार टाकू नका.

आमच्या काकांचं आणि ट्रकवाल्याचं ठरलेलं असायचं: एक मिस्ड कॉल म्हणजे गाडी भरली, दोन म्हणजे भाव उतरला, थांब. दोन निरोपांपुरतं हे छान चालतं. 2017 मध्ये लिनक्स 4.13 बरोबर लॉरेन्स ब्रॅक्मो यांचं सॉक-ऑप्स, म्हणजे सॉकेटसाठीचा बीपीएफ प्रोग्राम, आला, तेव्हा त्यातही कारणं सहाच होती. प्रोग्राम एकच; कशासाठी बोलावलं ते ‘ऑप’ नावाच्या क्रमांकावरून ओळखायचं. 5.10 पर्यंत कारणं पंधरा झाली. आत भलामोठा स्विच, आणि उत्तर द्यायला एकच पूर्णांक: कधी तो वेळ असतो, कधी पॅकेटांची संख्या, कधी नुसतं हो-नाही. टाइमआउटचं उत्तर विंडोच्या प्रश्नाला दिलं, तरी प्रोग्राम चढवण्याआधी तपासणाऱ्या व्हेरिफायरला त्यात वावगं काही दिसत नाही.

2. आकड्याचं एकक सांगा.

कर्नेलच्या नमुना प्रोग्रामांत एक आहे: दोन्ही टोकांच्या आयपीव्ही6 पत्त्यांचे पहिले साडेपाच बाइट सारखे असले, तर दोघं एकाच डेटासेंटरमधले समजून जोडणीच्या पहिल्या पॅकेटचा टाइमआउट 10 मिलिसेकंद करायचा. एरवी तो 1 सेकंद असतो. प्रोग्राम उत्तर देतो नुसतं ‘10’. पण कर्नेल ते मोजतो जिफीमध्ये, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांत. सेकंदाला 1000 ठोके असतील तर हे 10 मिलिसेकंद, 250 असतील तर 40. कोड तोच, अर्थ चौपट! (हाच प्रोग्राम पत्ते न तपासता इथल्या मोबाइल डेटावर लावला, तर मुंबईच्या सर्व्हरचं उत्तर यायच्या आतच पॅकेट पुन्हा पुन्हा जाईल.)

3. कोणत्या अवस्थेत बोलावलं, ते दिसू द्या.

सॉकेटचं कुलूप (लॉक) आपल्या हातात आहे की नाही? सॉकेट पूर्ण तयार आहे, की जोडणीची नुसती विनंती आलीय? सॉक-ऑप्समध्ये दुसऱ्या प्रश्नासाठी ‘इज-फुलसॉक’ हे फील्ड आहे. ते शून्य असताना बाकीची बरीच फील्डं शून्यच वाचली जातात. ‘मोजमाप शून्य’ आणि ‘मोजमापच नाही’ यांत फरक उरत नाही. कुलुपाचा प्रश्न तर 2025 मध्ये टाइमस्टॅम्पचे कॉलबॅक आले तेव्हा ऐरणीवर आला, कारण ते कुलूप नसतानाही येऊ शकतात. त्यासाठी आत आणखी एक खूण ठेवावी लागली. माझं स्पष्ट मत आहे: अवस्था वेगळी असेल, तर फंक्शनही वेगळं हवं.

4. ज्याला नको, त्याला भुर्दंड नको.

हे सॉक-ऑप्सनं नीट केलंय. पॅकेट पुन्हा पाठवलं, स्थिती बदलली, असे कॉलबॅक मुळात बंद असतात. हवे असतील त्या सॉकेटवर फ्लॅग लावून घ्यायचे.

5. आधीचं फंक्शन परत ठेवण्याचा क्रम आधीच ठरवा.

ही भानगड बीपीएफच्या कितीतरी आधीची. सॉकेटवर डेटा आला की ‘एसके-डेटा-रेडी’ बोलावलं जातं. एखादं मॉड्यूल तिथे स्वतःचं फंक्शन बसवतं आणि आधीचं जपून ठेवतं. समजा ‘अ’ बसला, त्यावर ‘ब’ बसला. ‘अ’ आधी निघाला आणि त्यानं मूळ फंक्शन परत ठेवलं, की ‘ब’ला काही कळेनासं होतं. मग ‘ब’ निघताना ‘अ’ला परत बसवतो, तोवर ‘अ’चा कोड मेमरीतून गेलेला असला, तर मशीन कोसळलंच. बसवणं-काढणं मॉड्यूलांच्या भरवशावर सोडलं, की हे व्हायचंच.

6. नावं असलेली फंक्शनं द्या.

2020 मध्ये 5.6 बरोबर मार्टिन काफाई लाऊ यांचं स्ट्रक्ट-ऑप्स आलं. त्यानं टीसीपीचं गर्दी-नियंत्रण बीपीएफमध्ये लिहिता येऊ लागलं. इथे प्रत्येक प्रसंगाला वेगळं फंक्शन आहे, त्याचे आर्ग्युमेंट आणि उत्तराचा प्रकार ठरलेला आहे. व्हेरिफायर ते प्रकार तपासतो. आणि आवश्यक फंक्शन दिलंच नाही, तर नोंदणीच होत नाही. पुढे 6.12 मधलं शेड्युलरचं स्केड-एक्स्टही ह्याच पायावर उभं राहिलं. नवा कॉलबॅक जोडायचा असेल, तर आज मी तो इथेच जोडेन. सॉक-ऑप्सचे क्रमांक मात्र हलवता येत नाहीत. त्यांवर लिहिलेले प्रोग्राम चालू आहेत, आणि युजरस्पेस मोडायचं नाही हा लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम आहे.