डोळ्याचं माप

आमच्या सिंदखेडराजा तालुक्यात डोळ्याचं काही निघालं, की माणसं बुलढाण्याऐवजी जालन्याची गाडी धरतात. तिथलं गणपती नेत्रालय जवळ पडतं. मीही तीच वाट धरली.

१. मोतीबिंदू घरोघरी असतो, पण डोळा ज्याचा त्याचा वेगळा. शिबिराच्या गाडीत बसून गेलेली माणसं काळा चष्मा लावून परत येतात आणि थोड्याच दिवसांत ओट्यावर गहू निवडायला बसतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो. माझं तसं नव्हतं. विशीतच मला केराटोकोनस निघाला होता. यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. तो वाढला की चष्म्यानं भागत नाही, कडक लेन्स घालावी लागते. त्यावर पन्नाशीत मोतीबिंदू आला. धूसरपणातला शंकूचा वाटा किती आणि मोतीबिंदूचा किती, हे ठरवण्यापासूनच सुरुवात होती.

२. ऑपरेशनपेक्षा मोजणी अवघड. आत बसवायच्या भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि पडद्याचा बाक यांवरून काढतात. साधारण डोळ्यात हा बाक ४३-४४ डायॉप्टरच्या आसपास असतो; वाढलेल्या शंकूत तो ५५ च्याही पुढे जातो, आणि ठिकठिकाणी वेगळा भरतो. नेहमीचं गणित इथे चुकू शकतं, आणि माणूस नको तेवढा प्लस नंबर घेऊन घरी येतो. त्यात कडक लेन्स पडद्याला दाबून ठेवते, म्हणून मोजणीआधी ती काही आठवडे काढून ठेवायची. ते आठवडे मला जड गेले. एसटीची पाटी दिसेना. "मेहकर का जालना, बाप्पा?" असं स्टँडवर कुणालाही विचारायचं. कॉलेजातली पोरं हाताला धरून गाडीत चढवायची, जागाही द्यायची. इकडे डॉक्टर पुन्हा पुन्हा मोजत होते. "काका, आकडे जुळल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही," म्हणाले. त्यांच्यावरचा माझा विश्वास त्या वाक्यानं बसला.

३. महाग ते आपल्यासाठी चांगलं, असं नाही. "सोयाबीन विकून टाकू, पण दादाला सगळ्यात भारी लेन्स टाका," असं धाकटा भाऊ डॉक्टरांसमोर बोलला, तेव्हा माझा गळा दाटला. डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग येणारा प्रकाश वाटून घेतं; पडदाच वेडावाकडा असला, तर त्यातून आणखी धूसर दिसतं. तिरपा नंबर काढणारं टोरिक भिंग काही जणांना चालतं, पण शंकू वाढायचा थांबलेला आणि बऱ्यापैकी सारखा हवा. मला पुढेही कडक लेन्स घालायचीच होती. म्हणून साधं, एकाच अंतराचं भिंग.

४. हे साधं भिंगही साधं नाही. माझ्या आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यातलं भिंग काढलं, नवं बसवलं नाही. जाडजूड चष्म्यामागे तिचे डोळे मोठाले दिसत, आणि जमीन जवळ वाटते म्हणून ती पाय उचलून उचलून टाकी. खरं तर हॅरॉल्ड रिडलेंनी १९४९ मध्येच लंडनला डोळ्यात प्लॅस्टिकचं भिंग बसवलं होतं. लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही त्रास देत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. आजीपर्यंत ते पोचायला फार उशीर झाला.

५. मोतीबिंदू गेला, शंकू राहिला. धोतर पुन्हा पांढरं दिसलं, आकाशाचा निळा उजळला. रात्री ट्रकचे दिवे मात्र आजही फाकलेले दिसतात. कडक लेन्स घातली की बरेच आवरतात. हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून त्याचं दुःख झालं नाही.

६. खरी घाई तरुण डोळ्यांची. पुतण्या मळणीच्या भुशात डोळे खसाखसा चोळायचा, आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. तपासलं, तर शंकूची सुरुवात. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरणांनी पडदा घट्ट करायचा, ही क्रॉसलिंकिंगची पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी काढली. गेलेली नजर तिनं परत येईलच असं नाही, पण शंकूची वाढ बहुतेकदा थांबते. माझ्या विशीत ती नव्हती. त्याला वेळेवर मिळाली. आता गावात कुणी म्हणालं, "पोराचा नंबर वाढला", की मी विचारतो: तिरपा नंबर वाढला का? पोरगं डोळे चोळतं का? पडद्याच्या बाकाची तपासणी, म्हणजे टोपोग्राफी, केली का?